गटारवाल्या साहेबांची निवडणूक

आमच्या शारजातल्या मराठी मंडळात गेल्या कित्येक वर्षांत एकही निवडणूक झालेली नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय माझ्याकडे जातं. कार्यकारिणीची मुदत संपत आली की मी कामाला लागते. कोणाला अध्यक्ष व्हायचंय, कोणाला नुसतं अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचंय, कोणाला गणपतीच्या नाटकात बायकोला बरी भूमिका मिळाली की पुरे आहे, हे मला फोनवरच्या आवाजावरून कळतं. मग दोन घरी चहा, एका घरी पोहे, एखाद्याला ‘यंदा राहू दे, पुढच्या खेपेला तुम्हीच’, आणि सभेच्या दिवशी सगळे बिनविरोध. कोणी हरत नाही, कोणाचं तोंड वाकडं होत नाही, सभा आटोपली की सगळे हसतखेळत जेवायला बसतात. माझा नवरा म्हणतो, तू आमच्या घरात सून म्हणूनही अशीच बिनविरोध आलीस. मी ते कौतुक समजते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जो घोळ घातला तो निव्वळ या सवयीपायी.

आमची मुलगी पंधरा वर्षांची. जन्म इथलाच, शाळा शारजातलीच, ब्रिटिश अभ्यासक्रमाची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं, आणि फारच जवळचं काही बोलायचं असलं तर दोन्हींची खिचडी करून. गेल्या हिवाळ्यात एके दुपारी ती तणतणत घरी आली. इतिहासाच्या मॅडमनी वर्गाला एक उद्योग लावून दिला होता. दोन महायुद्धांच्या मधलं इंग्लंडमधलं एक छोटं बंदराचं गाव वर्गात उभं करायचं आणि तिथे मंदीच्या काळात झालेली एक निवडणूक पुन्हा लढवायची. त्या वेळचे तीन उमेदवार तीन मुलांनी व्हायचं, बाकीच्यांनी वार्ताहर, पोलीस, मतमोजणी अधिकारी. मतदार म्हणून पालकांना बोलावणार. आमच्या मुलीच्या वाट्याला एक खासदार आले होते आणि ते तिला अजिबात पसंत नव्हते. ही इज अ नोबडी, असं म्हणून तिने दप्तर सोफ्यावर फेकलं.

त्या गृहस्थांचं नाव सांगून उपयोग नाही, कोणीच ऐकलेलं नसतं. शिवाय आता ते घरातल्यासारखे झाल्यामुळे नाव घेताना मलाच संकोच वाटतो. दोरखंड वळणाऱ्या कारखान्यातल्या मुकादमाचा मुलगा. पहिल्या महायुद्धातून एक पाय अधू करून परत आले आणि पहिल्याच फटक्याला निवडून आले. मग त्यांच्या पक्षाची दोन शकलं झाली, तर हे कुठल्याच शकलात गेले नाहीत आणि पडले. मग दुसऱ्या पक्षातून उभे राहून पुन्हा आले. एका अल्पायुषी सरकारात वर्षभरही टिकलं नाही असं उपमंत्रिपद मिळालं, तेही घरबांधणी आणि सांडपाण्याचं. मग मंदी आली आणि हे पुन्हा पडले, आणि या वेळी असे पडले की तिघांत तिसरे. पुढची काही वर्षं त्यांनी गावच्या नगरपालिकेत गटारांच्या समितीवर काढली. मग पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले, तेव्हा दुसरं युद्ध दाराशी येऊन ठेपलं होतं. सारी कारकीर्द वीस वर्षांची, आणि त्यात नाव काढण्यासारखं काम एकच, ते म्हणजे समुद्राकडच्या वस्तीतली गटारं.

मुलीला जे लाजिरवाणं वाटलं तेच माझ्या नवऱ्याला भावलं. तो इमारतींची देखभाल बघतो. त्याचं निम्मं आयुष्य तुंबलेल्या पाइपांत गेलंय. मी दुबईत रास अल खोरला कांद्याबटाट्याचे कंटेनर कस्टममधून सोडवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आहे, त्याचं ऑफिस त्याच वाटेवर, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ शारजा-दुबई रस्त्यावर आम्ही एकाच गाडीत अडकलेले असतो. मुलीने काढलेल्या प्रिंट मी त्याला ट्रॅफिकमध्ये वाचून दाखवायची. एके सकाळी पुलाखाली गाडी पंधरा मिनिटं हलली नाही आणि त्याने निवाडा दिला की माणूस कामाचा आहे. तेव्हापासून ते ‘गटारवाले साहेब’ झाले. रात्री जेवताना तो मुलीला उतार किती असला की पाणी वाहतं ते पोळीची सुरळी करून दाखवायचा, ती वहीत लिहून घ्यायची. बापलेक एका टेबलावर इतकं सलग बोलताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मुद्दाम पोळ्या हळूहळू करायला लागले.

सगळ्यात गमतीचं मला एक वाटलं. तिकडे म्हणे निकाल लागतो तेव्हा हरलेला उमेदवारही त्याच व्यासपीठावर उभा असतो. नुसता उभा नाही, तो भाषण करतो. मोजणी करणाऱ्यांचे आभार मानतो, जिंकलेल्याचं अभिनंदन करतो आणि मगच घरी जातो. गटारवाले साहेब तर तिसरे येऊनही बोलले होते. मी म्हटलं, हे काय भलतंच, माणसाला निदान घरी जाऊन रडू तरी द्यावं. मुलगी वही मिटून उठून गेली.

ती का उठून गेली ते मला कळायला हवं होतं. त्याच्या आदल्या वर्षी ती शाळेच्या विद्यार्थी मंडळाला उभी राहिली होती. पोस्टर केलं, आरशासमोर भाषण पाठ केलं, आणि मतं मिळाली चार. निकाल वाचला जात होता तेव्हा ती मुलींच्या बाथरूममध्ये आतून कडी लावून बसली होती. शाळेतून फोन आला, मी ऑफिस सोडून धावत गेले, दाराबाहेरून अर्धा तास बोलले तेव्हा ती बाहेर आली. त्यानंतर तिने वर्गात हात वर करणं सोडलं. तिच्या प्रगतिपुस्तकात प्रत्येक शिक्षकाने ते लिहिलं होतं. मला मात्र तेव्हा एकच खंत होती, की मी आधी चार घरी फोन का केले नाहीत.

त्यामुळे या वेळी मी कसूर ठेवली नाही. तिला पुन्हा हरू द्यायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरा उमेदवार, घरपट्टी कमी करू म्हणणारा, हा शेजारच्या अजमानला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा निघाला. त्याच्या आईचा आमच्या नाटकातल्या सासूच्या भूमिकेवर तीन वर्षं डोळा होता. ती मी तिला देऊन टाकली आणि मुलाने माघार घ्यावी असं ठरलं. तिसरी उमेदवार एक सीरियन मुलगी. तिच्या वडिलांना मी शाळेच्या गेटवर गाठलं आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत माझं म्हणणं मांडलं. ते छातीवर हात ठेवून ‘इन्शाल्ला, मॅडम’ म्हणाले. मी ते पक्कं धरलं. केरळच्या, लखनौच्या आणि कराचीच्या आयांना करंज्यांचे डबे पोचते केले. सगळ्यांना एकच सांगणं, मेरी बेटी को वोट देना है, बस, खलास. मंगळवार संध्याकाळपर्यंत माझ्या हिशेबाने गटारवाले साहेब बिनविरोध होते.

निवडणूक गुरुवारी. मंगळवारी रात्री मी कणीक मळत होते आणि मुलगी फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अजमानच्या मुलाने तिला मेसेज केला होता, की सॉरी, माझी आई म्हणते मी उभं राहायचं नाही, तुझ्या आईशी तिचं काहीतरी ठरलंय. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

“आई, माझा तो एमपी हरतो,” ती म्हणाली. “दॅट्स द होल पॉइंट. मी हरल्यावरचं स्पीच फर्स्ट लिहिलंय.”

मी कणकेचे हात तसेच धरून उभी राहिले. मी म्हटलं, अगं, पण जिंकलीस तर काय बिघडलं.

“लास्ट इयर मी बाथरूममध्ये होते,” ती म्हणाली. “या वेळी मला तिथे उभं राहायचंय.”

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात क्वचित वाटली असेल. तिला हरण्यापासून वाचवायला निघाले होते मी, आणि तिला हरून ताठ उभं राहायची जी संधी हवी होती तीच मी करंज्या देऊन विकत घेतली होती. मी हात धुतले आणि फोन उचलला.

आता लोकांना मत द्या म्हणून सांगायची मला सवय आहे. मत देऊ नका म्हणून सांगायची वेळ पहिलीच. केरळच्या बाईंना वाटलं मी विनय दाखवतेय. लखनौवाली म्हणाली, अरे आप फ़िक्र मत कीजिए, हम समझ गए, आणि हसली. म्हणजे काय समजली ते देव जाणे. अजमानची मैत्रीण सगळ्यात जास्त दुखावली, तिने थेट विचारलं की मग सासू कोण होणार. मी म्हटलं, बाई, सासू तूच हो, पण पोराला उभा कर. सीरियन गृहस्थांना मी फोन केला तर ते पुन्हा तितक्याच प्रेमाने ‘इन्शाल्ला’ म्हणाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या वेळीही ते फक्त तेवढंच म्हणाले होते.

मुलगी हे सगळं दारातून ऐकत होती. चौथ्या फोननंतर तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बजावलं की हेही फिक्सिंगच आहे, आई. लोकांनी तिला मत द्यावं असंही सांगायचं नाही आणि देऊ नये असंही नाही. त्यांनी तिचं ऐकावं, एवढंच. म्हणून मग मी पुन्हा एकदा सगळ्यांना फोन केले आणि म्हटलं, ऐका आणि वाटेल तिथे मत द्या. या वेळी तर कोणाचाच विश्वास बसला नाही. नवरा सोफ्यावर उशीत तोंड खुपसून हसत होता. एकाच निवडणुकीत तीन जाहीरनामे काढणारी उमेदवाराची आई त्याने पहिल्यांदाच पाहिली म्हणे.

गुरुवारी आम्ही दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. शाळेच्या सभागृहात एसी इतका गार होता की आया ओढण्या डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या, आणि त्यामुळे त्या खरोखरच बंदरावरच्या बायका दिसत होत्या. दारात प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. आपण कोण, घरची परिस्थिती काय, ते त्यावर लिहिलेलं, आणि मत त्या माणसाचं म्हणून द्यायचं. माझा नवरा गोदीतला हमाल झाला, चार महिने काम नसलेला. मी झाले एका कोळ्याची विधवा. तीन मुलं, समुद्राकडच्या गल्लीत दोन खोल्या, दारासमोर उघडं गटार, धाकटा सारखा आजारी.

अजमानचा मुलगा आधी बोलला आणि झकास बोलला. घरपट्टी खाली, भाडी खाली, खर्च बंद. टाळ्याही छान पडल्या. त्याची आई माझ्याकडे चोरून बघत होती, मी तिला मान डोलावून दाखवली. सीरियन मुलीने गोदीत काम देण्याचं वचन दिलं आणि बेकार हमालाचं वर्णन असं केलं की माझा नवरा खुर्चीत पुढे सरकून बसला.

मग आमची. डोक्यावर तिच्या बापाने आणलेली गोल काळी हॅट, पंचेचाळीस दिरहॅमची, म्हणजे हजार रुपयांच्या वर, आणि तरी भुवयांपर्यंत घसरणारी. चालताना ती एक पाय किंचित ओढत होती. माइकसमोर येऊन ती गप्प उभी राहिली. एक, दोन, तीन, मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत गेले तेव्हा मी नवऱ्याचा हात धरला. मग तिने हॅट काढून टेबलावर ठेवली आणि बोलायला लागली.

तिने गटारांबद्दल सांगितलं. उताराबद्दल, पाइपांबद्दल, भरतीच्या वेळी घाण पाणी उलटं गल्लीत येतं त्याबद्दल, त्या गल्लीतली मुलं दर उन्हाळ्यात का आजारी पडतात त्याबद्दल. पोळीच्या सुरळीवर शिकलेलं सगळं इंग्रजीत असं मांडलं की मला माझीच गल्ली दिसायला लागली. आणि मग तिने ते सांगितलं, जे सांगू नका म्हणून साहेबांच्या पक्षाने त्यांना विनवलं होतं. हे फुकट होणार नाही, ती म्हणाली. घरपट्टी वाढेल. तुमची भाडी वाढतील.

हे कुठे, तर शारजात. त्या सभागृहातला जवळजवळ प्रत्येक माणूस दुबईतलं भाडं परवडेना म्हणून इकडे आलेला, काही त्याहून पुढे अजमानला गेलेले, आणि त्यापायी रोज दोन-तीन तास रस्त्यावर काढणारे. भाडं वाढेल हे ऐकल्याबरोबर खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी हळूच विचारलं, यहाँ भी बढ़ेगा क्या? लोक हसले. मुलीने त्या दिशेला बघून शांतपणे सांगितलं की हो सर, इथेही वाढेल. मग तर सगळं सभागृह हसलं, तीही हसली, आणि तिचा मुद्दा तिने पुरा केला. माझी मुलगी चाळीस माणसांसमोर उभी राहून त्यांना नको असलेली गोष्ट सांगत होती आणि घाबरत नव्हती. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण कार्ड हातात असल्यामुळे मी विधवेसारखी बसून राहिले.

मतदानाला पडद्याआड एक टेबल, पेन्सिल आणि पेटी. मी आत बराच वेळ लावला. मॅडम बाहेरून खाकरल्या तेव्हा मी खूण केली, चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि पेटीत टाकली. कोणाला दिलं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही.

एकूण मतं एक्केचाळीस. अजमानच्या मुलाला एकोणीस, सीरियन मुलीला बारा, आमच्या मुलीला दहा. म्हणजे साहेबांसारखीच तिघांत तिसरी. अजमानची मैत्रीण आनंदाने रडत होती आणि रडता रडता माझी माफी मागत होती. मी तिला मिठी मारली आणि खरंच मारली, तोंडदेखली नाही.

आणि मग ते झालं. जिंकलेल्याचं बोलून झाल्यावर मुलगी पुढे आली. तिचे कान लाल झाले होते, पण ती माइकपाशी होती, दिव्यांखाली, सगळ्यांच्या समोर. तिने मोजणी करणाऱ्या मुलांचे आभार मानले, एकेकाच्या नावाने. जिंकलेल्याशी हात मिळवला. ज्यांनी मला मत दिलं त्यांचे आभार, ती म्हणाली, आणि ज्यांनी दिलं नाही त्यांचेही, कारण भाडं वाढायला नको असणं हा काही गुन्हा नाही. पण समुद्राकडच्या गल्लीतलं गटार आज सकाळी उघडं होतं आणि उद्याही उघडंच असणार. सोमवारी नऊ वाजता मी तिथे असेन. ज्यांना यायचंय त्यांनी जुने बूट घालून यावं.

हे शेवटचं वाक्य कुठल्या पुस्तकातलं नव्हतं, मी नंतर विचारलं. तिचं होतं. लोक उभे राहिले. लखनौवाली तर अशी टाळ्या वाजवत होती की तिची बांगडी वाढली. जिंकलेला मुलगाही टाळ्या वाजवत होता. मी इतकी वर्षं कोणालाही हरू दिलं नाही, त्यामुळे हरलेल्या माणसासाठी टाळ्या कशा वाजतात हे मला माहीतच नव्हतं. मी रडले, आणि मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका मंडळाच्या सगळ्या बिनविरोध सभांनी मिळून दिलेला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. मुलगी मागच्या सीटवर, हॅट मांडीवर. नवऱ्याने आधीच कबुली देऊन टाकली की त्याने सीरियन मुलीला मत दिलं, काय करणार, चार महिने काम नव्हतं. मुलीला ते एकदम पटलं. शाबासकी दिल्यासारखं तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग ती पुढे वाकली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं की मी कोणाला दिलं.

मी म्हटलं, तुला.

“आई.” ती कंटाळल्यासारखी मागे टेकली. मग पुन्हा पुढे आली. “पण आई म्हणून दिलंस, की त्या विडो म्हणून?”

मला विचार करावा लागला नाही, तो पडद्याआड करून झाला होता. मी म्हटलं, विधवा म्हणून. माझा धाकटा दोन उन्हाळे अंथरुणाला खिळून होता. भाडं वाढलं तर वाढू दे, एक वेळ कमी जेवू, पण ते उघडं गटार बंद झालं पाहिजे.

मी आरशात पाहिलं तर ती हसत होती, सबंध चेहऱ्याने.

“मग बाकीची नाइन मतं तुझ्या करंज्यांची असतील, आई,” ती म्हणाली. “हे एक माझं.”